उभं राहिल्याचा शिक्का

बाबा,

"हात वर नाही गेले तरी चालेल. उभी राहिलीस ना? मग घे शिक्का." उन्हाळ्याच्या सुट्टीत देवळाच्या अंगणात रेडिओवरची कवायत संपली, की तुम्ही आम्हा मुलांच्या हजेरीच्या कार्डांवर शिक्के मारायचात. मी उभ्या उभ्या पेंगत होते, सगळी पोरं हसत होती, तेव्हा तुम्ही हे म्हणालात. हल्ली ते रोज आठवतं.

माझी काळजी करू नका. कारखान्यातून रजा मिळाली आहे, डॉक्टरही भले आहेत. नुसता थकवा आहे म्हणतात. काल मी केस धुतले. आज भात लावला आणि गादी उन्हात घातली. शेजारच्या कुवाबारा काकू त्यांच्या बाल्कनीतून ओरडल्या, "अगं बाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!" किती तरी दिवसांनी हसू आलं. संध्याकाळी गादी आत आणणं मात्र जमलं नाही, काकूंनीच आणून दिली. तरी तुम्ही शिक्का मारला असता, असं मी धरून चालले आहे.

तुम्ही जेवता ना? की आईच्या फोटोपुढे भात ठेवता आणि स्वतः चहावरच भागवता? आत्या म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही रेडिओवर फडकं टाकून ठेवलंय.

तुम्ही नकोच म्हणाल, ठाऊक आहे मला. तरी मागते. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कवायतीसाठी रेडिओ लावा आणि अंगणात नुसते उभे राहा. मी इथे रोज त्या वेळी उभी असेन.

तुमची,
चिनात्सु