राखेतली तीन कापडं

३ जुलै, खापा

पंधरा कापडं पुरून झाली! पाच जमिनी, प्रत्येकीत तीन — संत्र्याची बाग, कपाशीची पऱ्हाटी, गायरान, जंगलाची कड आणि पार्वतीबाईंचं राखेचं शेत. कोरं सुती कापड वीतभर खोल पुरायचं, दहा आठवड्यांनी काढायचं. जितकं कुजलं तितकी माती जिवंत. यासाठी एम.एस्सी. केलंस का, असं आई विचारते. बरोबरच विचारते.

पार्वतीबाई माझ्या घरमालकीण. चार वर्षांपूर्वी कुणा वीटभट्टीवाल्याच्या नादी लागून खोलगट शेत राखेने भरून घेतलं, तेव्हापासून तिथे काही पिकत नाही. बाभळीखाली खणायला बसले तर म्हणाल्या, "तिथं नोको वं पोरी. जरा अल्याड." कारण सांगितलं नाही. मी दोन हात सरकले.

११ जुलै

राखेच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, किड्यांची किर्रकिर्र. धुरा ओलांडला की बंद. तीनदा ये-जा करून पाहिलं. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हणालं असतं.

२ ऑगस्ट

पार्वतीबाईंची लेक शामला रोज माझी खोली झाडते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती दीड वर्ष झालं तरी परत गेलेली नाही. घरात बाळ दिसत नाही, मीही विचारत नाही. नवरा कळमेश्वरला कंपनीत आहे. दर रविवारी येतो, चहा पितो, एकटाच जातो.

आज झाडता झाडता तिने विचारलं, राखेतलं कापड कुजलं का. काढल्याशिवाय कसं कळणार, म्हटलं. बरं, उद्या विचारते, म्हणाली.

९ ऑगस्ट

रोज विचारते.

२४ ऑगस्ट

जुलैत डबा खाताना मी फेकलेली लिंबाची फोड आज राखेत दिसली. पिवळीधमक. एवढा पाऊस होऊन गेला, तिला मुंगीसुद्धा लागलेली नाही. उचलावीशी वाटली नाही.

बाभळीखाली अनवाणी पावलं. रोज कुणी येऊन बसावं तशी जागा दबलेली.

११ सप्टेंबर

आज सगळी कापडं काढली. बागेतल्यांची चाळणी झालेली. जंगलाच्या कडेच्यांची नुसती शिवण हाती आली. आणि राखेतली तिन्ही — इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही! तेरा, चौदा, पंधरा, नंबरांची शाई तशीच. नाकाशी धरलं तर दुकानातल्या खळीचा वास.

लॅबमधल्या सरांना फोटो पाठवले. इतका स्वच्छ फरक कधी पाहिला नाही म्हणाले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

घरी आले तर पार्वतीबाई खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. शामलाला मुलगी झाली होती. पाच दिवसांची होऊन गेली. इतक्या लहानाला जाळत नाहीत, म्हणून आपल्याच शेतात पुरली, बाभळीखाली. धोतराच्या पांढऱ्या तुकड्याला शामलाने स्वतः लाल दोऱ्याचा काठ घातला होता, त्यात गुंडाळून. पोरीची माती झाली की सासरी जाईन, असं ती तेव्हा म्हणाली. अजून तेच म्हणते.

"तिले सांगजो, कापड कुजलं म्हणून. मायं नाही ऐकत. तुयं ऐकन ते."

तिन्ही कापडं माझ्या पिशवीत होती. सकाळच्या आनंदाची लाज वाटली. फार लाज वाटली.

१२ सप्टेंबर

सांगितलं. डोळ्यांत बघून सांगितलं — धागासुद्धा उरला नाही. आजवर एक आकडा खोटा लिहिला नाही मी, आणि हे किती सहज निघालं तोंडातून!

शामला हसली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिली. दुपारी बॅग भरायला घेतली. पार्वतीबाईंनी जावयाला फोन केला, रविवारी न्यायला येतोय. स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत होत्या. खोटं कधीमधी पुण्याचं असतं म्हणायचं.

राखेतली कापडं धुऊन माझ्या खोलीतच दोरीवर टाकली. दाराला बाहेरून कडी घातली.

१३ सप्टेंबर

नागपूरला आलेय. बाकीची बारा लॅबमध्ये दिली. राखेतली ओली होती, दोरीवरच राहिली. रात्री आईकडे पोटभर जेवले.

अंथरुणावर पडल्यावर आठवलं — झाडायला येऊ नकोस, हे शामलाला सांगायचं राहिलंच.

१४ सप्टेंबर

दुपारी पोचले. खोली स्वच्छ झाडलेली. दोरीवर चार कापडं.

चौथं लहान. धुतलेलं, पांढरंशुभ्र. काठाचा दोरा लालच्या लाल.

शामला दारात उभी होती, नखांत राख. म्हणाली, "मॅडम, याच्यावर बी नंबर टाका."