रेडिएटरचं झाकण

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार
लाल दिवा! लोहारद्यात लाइट गेली, जनरेटर लावला, अर्ध्या तासात ‘कूलंट कमी’ म्हणून बंद. आपल्या दूध शीतकेंद्राच्या टाकीत गावाचं दोन हजार लिटर दूध — जीव टांगणीला! विठोबा मिस्त्री कॅन घेऊन धावला, भरलं, चालू झालं. खाली फरशी ठणठणीत कोरडी. मग जातं कुठे? म्हणाला, “चार दिन भरते रहेंगे, ताई. मग होईल ठीक.” चार दिवसांनी काय आपोआप?! हसूच आलं.

४ ऑक्टोबर
परत दिवा. देवासहून लेकाचा, तरुणचा फोन. “आई, रेडिएटरचा पाइप विठोबाकाकांनीच बदलला ना? क्लिप ढिली राहिली असेल. उनको अब दिखता नहीं है. कंपनीवाल्याला बोलाव.” चिरंजीव इंजिनिअर, ऐकावं लागतं.

दुपारी विठोबाला म्हटलं, “तुम्ही आता थोडा आराम करा.” त्याने जनरेटरची किल्ली माझ्या हातावर ठेवली, चहा न घेताच गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं. फार.

५ ऑक्टोबर
लाइट गेली नाही. पोहे मस्त झाले होते, पण मन लागलं नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
कंपनीवाला म्हणे गुरुवारी येणार. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण मीच उघडलं. रबराखाली चेपलेला लाल धागा — खंडेनवमीचा. माझाच!

यंत्राची पूजा दरवर्षी हे करायचे, धागा हँडलला बांधायचे. हे गेल्यावरची ही पहिली नवमी. मी हौसेने झाकण काढून थेंबभर नर्मदेचं पाणी घातलं आणि धागा तिथेच तोंडाला गुंडाळला. इंजिन तापलं की त्या फटीतून वाफ जायची, वरच्या वर सुकायची. फरशी ओली होणार कशी!

धागा काढला, कूलंट भरलं, दोन तास चालवलं. दिवा नाही! संध्याकाळी भरपूर केशर घालून मसाला दूध केलं. तरुणला कळवलं, “क्लिप घट्ट होती हो!” विठोबाला उद्या बोलावलंय. माफी मागायची.

७ ऑक्टोबर
विठोबा आला. चहा घेतला. धागा दाखवला, तर मान खाली. “शुक्रवारी कूलंट भरतानाच दिसला होता, ताई. भाऊसाहेबांच्या मागे तुमची पहिली पूजा... आणि घरचा नेम, नवमीचा धागा कोजागिरीपर्यंत सोडायचा नाही. कल खोलने आने ही वाला था.”

दिसत नाही म्हणे ह्याला! किल्ली परत दिली.