वन्सं अजून मिटलेल्याच

४ मार्च, सकाळी
आजपासून टाकीत हात घालायचा नाही. ठरलं.
खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं माझं एकुलतं एक कोरल आठवडाभर मिटलेलं आहे. एरवी बोटाएवढे हिरवे शेंडे पाण्यात डुलायचे. आता एक कड पांढरी पडली आहे. दुकानदार म्हणाला, उजेड कमी ठेवा, पाणी सारखं बदलू नका, मुख्य म्हणजे त्याला एकटं सोडा. शेवटचं दोनदा का म्हणाला, कळलं नाही.
बायकोने बजावलं आहे, हेही गेलं तर टाकी जाणार आणि त्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन येणार. मशीन कित्येक वर्षं पलंगाखाली आहे.

४ मार्च, संध्याकाळी
हात घातला. पण उपचारासाठी. कोरल खाली, सावलीत ठेवलं.

५ मार्च
सावली फार झाली. पुन्हा वर.
बायकोने विचारलं, वन्सं उठल्या का? माझी बहीण आली की कशावरून तरी रुसते आणि आत जाऊन झोपते, त्यावरून हे नाव. बहिणीबद्दल असं बोललेलं मला खपणार नाही, हे मी स्पष्ट केलं. मुलगी म्हणाली, पण बाबा, आत्या अगदी अशीच मिटते.

७ मार्च
ऑफिसातून आलो तर मुलगी म्हणे, दुपारी पूर्ण उघडलं होतं. धावलो. मिटलेलं. टॉर्च मारून पाहिला. ड्रॉपरने हलकेच पाणी सोडून पाहिलं. आणखी मिटलं.
मुलं काहीही सांगतात.

९ मार्च
आज बायकोनेही पाहिलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनेही पाहिलं. छान फुललंय म्हणाला म्हणे.
माझं मन राखायला सगळे खोटं बोलत आहेत. प्लंबरला माझं मन राखायचं काय पडलंय, हा प्रश्न उरतो.

११ मार्च, रविवार
काचेसमोर खुर्ची टाकून दिवसभर बसलो. जेवलोही तिथेच. उघडलं नाही. बायको म्हणाली, अहो, असं टक लावून कोणी बसलं तर मीसुद्धा खोलीबाहेर यायची नाही. निरीक्षण म्हणजे हात घालणं नव्हे, हे तिला पटत नाही.
बादलीभर पाणी बदललं. दुकानदाराने फोनवर विचारलं, या आठवड्यात कितव्यांदा? रेंज नाही असं सांगून ठेवला.

१४ मार्च
पांढरी कड वाढली. मुलीने विचारलं, मरेल का हो? नाही म्हणालो. मग बराच वेळ त्या खोलीत गेलोच नाही.

१५ मार्च
साहेबांना काही काळवेळ नाही. पाच दिवस दुसऱ्या शाखेत पाठवलं. सूचनांचे दोन कागद फ्रिजवर लावून निघालो. आता वाचणं कठीण.

१९ मार्च, शाखेची गेस्ट रूम
बायकोने फोटो पाठवला. सगळे शेंडे बाहेर. पांढरी कड थांबली आहे. दोनदा डोळे पुसले. एसीची हवा लागते.
माझ्या सूचना अक्षरशः पाळल्या असणार. फोन करून विचारलं. त्या कागदांवर तिने ब्लाउजच्या बाहीचा आकार कापला म्हणे. टाकीत काय घातलंस? काही नाही. काहीतरी केलं असशील? नाही हो, वेळच नव्हता.

२१ मार्च
उपचारांना यश. टाकी राहिली.
माझ्या खुर्चीच्या जागी शिलाई मशीन आहे. ते धडधडत होतं आणि शेजारी कोरल खुशाल डुलत होतं. मी आनंदाने पुढे होऊन काचेला नाक लावलं. शेंडे एकेक करून आत गेले. बायको मान वर न करता म्हणाली, वन्सं, तुमचे दादा आले वाटतं.
चपला घालून खाली आलो. हे बाकावर बसून लिहितो आहे. इथून आमची खिडकी दिसते. आत हिरवं काहीतरी हलतंय.
पडदाही हिरवाच आहे.