लिंबटाकळी केंद्राचा लॅपटॉप काळा का पडतो, याचा खुलासा

प्रति,
मा. विस्तार अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय,
जिल्हा परभणी.

अर्जदार : सौ. दैवशाला परमेश्वर गव्हाणे, केंद्रचालक, गाव सेवा केंद्र, मौजे लिंबटाकळी.

विषय : लॅपटॉपचा पडदा काळा पडतो या कारणाने केंद्र देवगाव फाटा येथे न हलविण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ११ नोव्हेंबर. खुलाशाची मुदत सात दिवस, पैकी आज सातवा.

महोदय,

१. वरील नोटीस अर्जदारास पोहोचली. अर्जदाराने ती दोनदा वाचली व सासूबाईंच्या आग्रहावरून एकदा मोठ्यानेही वाचली. "केंद्रचालकास यंत्र हाताळता येत नाही" असे तीत नमूद आहे. केंद्र फाट्यावर गेल्यास गावातील त्रेसष्ट वृद्धांना हयातीच्या दाखल्यासाठी अकरा किलोमीटर जावे लागेल. त्यातील तिघांना ओसरीवरून अंगणात उतरवायलाच दोन माणसे लागतात. हा दाखला नोव्हेंबरात झाला नाही तर त्यांचा निराधार योजनेचा पगार बंद पडतो. अर्जदाराचे कामही जाईल, पण ते दुःख दुसऱ्या क्रमांकाचे आहे असे लिहिणे शोभून दिसले असते. खरे पाहता दोन्ही दुःखे एकाच क्रमांकाची आहेत.

२. बिघाडाचे स्वरूप असे की, तरण्या माणसांचे सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले या लॅपटॉपवर मुकाट निघतात. म्हाताऱ्या माणसाने अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा टेकवला की मात्र पडदा काळाठिक्कर. हात काढून बटण दाबले की पुन्हा लख्ख. असे एकदा नव्हे, पहिल्या आठवड्यात एकोणीस वेळा घडले. त्यामुळे यंत्राला माणसाचे मरण आधी कळते, अशी गावात वदंता उठली. माजी पोलीस पाटील किशनराव (वय ७६) यांनी पारावर बसून, "यंतराला समदं कळायलंय, आपली येळ भरत आली," असे जाहीर केले आणि दोन्ही लेकींना सासरहून बोलावून घेतले. लेकी आल्या, चार दिवस पुरणपोळ्या झाल्या, किशनरावांचे वजन वाढले. दाखला मात्र निघाला नाही.

३. अर्जदार हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. चार्जर बदलला. बॅटरी काढून पुन्हा बसवली. चालू करायचे बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरले. परभणीच्या मेकॅनिककडे लॅपटॉप तीन दिवस ठेवला. त्याने त्यावर दोन अख्खे सिनेमे पाहिले व "काही झालेले नाही" अशी चिठ्ठी दिली. शेजारच्या कस्तुराबाई यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून लॅपटॉपची दृष्ट काढली, त्यातील तीन मोहऱ्या बटणांच्या फटीत गेल्या, त्या चिमट्याने काढल्या. टेबलाचे तोंड पूर्वेला केले. शेवटी अर्जदारच पांढऱ्या पायाची आहे, असेही बोलले गेले. तेव्हा तिने एक दिवस खुर्चीवर नवऱ्याला बसवून पाहिले. पडद्याने त्यालाही जुमानले नाही.

४. दि. १० रोजी साहेबांनी स्वतः केंद्रास भेट दिली. तानुबाई (वय ८१) यांना अंगठा नीट ठेवता येत नसावा, असे साहेबांचे मत पडले व तो कसा ठेवावा हे दाखविण्यासाठी साहेबांनी कृपावंत होऊन आपला डावा अंगठा यंत्रावर ठेवला. पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी नोटीस आली.

५. शनिवारी, दि. १५ रोजी, तानुबाई अंघोळ करून तशाच आल्या. अंगठा टेकवला आणि पडदा लख्खच राहिला. त्यांचा फोटो, नाव आणि "पडताळणी यशस्वी" ही अक्षरे स्पष्ट उमटली. अर्जदाराने ती वाचून दाखवली. तानुबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी मी हाय म्हन की." अर्जदारास रडू फुटले. सरकारी अर्जात असे लिहू नये हे ठाऊक आहे, तरी लिहिले आहे.

६. मग अर्जदाराने तानुबाईंना खोदून विचारले की आज वेगळे काय केले. त्यांच्या मनगटावरचा पट्टा अंघोळीच्या वेळी काढला होता, तो न्हाणीच्या खुंटीवरच राहिला होता. दसऱ्यानंतर गावात एक फिरता विक्रेता येऊन गेला. गुडघेदुखीवर चुंबकाचा पट्टा, तोही काळजाच्या बाजूला म्हणजे डाव्या हातात घालावा, असे त्याने सांगितले आणि साठीच्या पुढचे सारे गाव पट्टेवाले झाले. आपल्याकडे "निशाणी डावा अंगठा" ही पिढ्यांची सवय. अंगठ्याच्या यंत्राची वायर वीतभर, म्हणून ते लॅपटॉपच्या कडेवर ठेवावे लागते. झाकण मिटले हे लॅपटॉपला झाकणातल्या चुंबकावरून कळते. पट्टा कडेला टेकला की त्याला झाकण मिटल्यासारखे वाटते व तो बिचारा झोपतो. मेकॅनिकने फोनवर हेच कारण सांगितले, शिवाय सिनेमे पाहिल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली.

७. खात्रीसाठी रविवारी पंचनामा केला. पट्ट्यासह दहा वेळा अंधार, पट्ट्याविना दहा वेळा उजेड. पट्टे कायमचे काढा, अशी विनंती करताच गाव खवळले. "गुडघं तुजं न्हाईत, माजं हायत," असे किशनरावांनी ठणकावले. तडजोड अशी झाली की चपला बाहेर काढताना पट्टाही बाहेर काढायचा. कालपासून एकेचाळीस दाखले झाले. किशनराव स्वतः हयात निघाले. लेकींना परत पाठवताना त्यांचा चेहरा जरा पडला होता.

८. आता एक मुद्दा लिहिताना हात कचरतो. साहेबांच्या भेटीचा फोटो ग्रामपंचायतीच्या शिपायाने काढला होता. पंचनाम्यानंतर अर्जदाराने तो मोठा करून पाहिला. साहेबांच्या गुडघ्यांविषयी तिला काहीही म्हणायचे नाही. त्यांना आराम पडो. परंतु नोटीस मागे घेऊन केंद्र लिंबटाकळीतच ठेवावे आणि साहेबांनी पुन्हा एकदा येऊन, शर्टाची डावी बाही वर सारून, अंगठा ठेवून पाहावा, इतकीच विनवणी आहे. चहाची व्यवस्था केंद्रातर्फे होईल.

आपली नम्र आणि अद्याप त्याच खुर्चीवर बसलेली,

(सही)
सौ. दैवशाला परमेश्वर गव्हाणे
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पंचनामा. पंच कस्तुराबाई यांची निशाणी डावा अंगठा (पट्टा काढून).
२) मेकॅनिकची चिठ्ठी.
३) दि. १० रोजीच्या भेटीचा रंगीत फोटो, एक प्रत. दुसरी प्रत अद्याप कोणासही दिलेली नाही.