लागण

३ फेब्रुवारी
आले एकदाची. खोली छान आहे, खिडकी मोठी, आणि दुसरा पलंग लावायला हवी तेवढी जागा. काकूंना आल्याआल्याच सांगून टाकलं की धाकट्या बहिणीलाही इथे कामाला आणायचंय. बिचारी मामाकडे राहते, तिथे तिला काळं कुत्रंही विचारत नाही. काकू म्हणाल्या, आधी तुझं काम बघू, मग खुशाल बोलाव. रोपवाटिका त्यांची, सगळेच त्यांना काकू म्हणतात. बोलताबोलता त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात भाजी निवडावी तसे, आणि तेही हातमोजे घालून. मला हसूच आलं.

५ फेब्रुवारी
काम आवडलं. प्रयोगशाळेतून बाटल्या येतात, तळाशी जेली आणि तिच्यात बोटभर रोपं. हे ऑर्किड झाडावर नाही, जमिनीत वाढतं. रोप अलगद काढायचं, मुळांची जेली कोमट पाण्यात धुवायची, जरा राहिली तरी मूळ कुजतं. मग बारीक खडी आणि पालापाचोळ्याच्या मातीत लावायचं. काकू याला 'लागण' म्हणतात. मी म्हटलं, आम्ही लागवड म्हणतो. लागण म्हटलं की मला गोवर आठवतो. त्या हसल्या. मी काम उघड्या हातांनी करायचं, मोज्यांनी मुळं मोडतात म्हणे. त्यांचे मोजे मात्र कधी उतरत नाहीत. कातडीचा काही त्रास असेल.

२० फेब्रुवारी
एकही रोप मेलं नाही. आधीच्या नोकरीत निम्मी जायची. बाटलीतली रोपं म्हणजे आयतं खाऊन वाढलेली, मातीत आली की माना टाकतात. त्यांना पोसणारी एक बुरशी मुळांत शिरावी लागते, आणि बाटलीत ती नसते. मग इथे ती येते कुठून? पाणी कुठेतरी मुरतंय. धाकटी म्हणते, मला स्वतःच्या सावलीचाही संशय येतो. येऊ दे. काकू मेलेली रोपं गुपचूप बदलत असणार. मी खूण म्हणून काही पानांची टोकं नखाने खुडून ठेवली आहेत.

२६ फेब्रुवारी
रोपं तीच आहेत. टोकं खुडलेलीच. माझा पोपट झाला.
बाटल्या आणणारा गाडीवाला फाटकाबाहेरच खोकी उतरवतो. पाणी दिलं तर पेला माझ्या हातून घेईना, खाली ठेवा म्हणाला. तिरसट मेला. माझ्याआधी इथे कोण होतं, विचारलं. होती एक, ती पण चटपटीत होती, म्हणाला आणि गाडी सुरू केली.

४ मार्च
भिंतीआड एक ट्रे सापडला. काकूंनी स्वतः, मोजे घालून लावलेला. सगळा वाळून गेलाय. माझे ट्रे तरारलेत. विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे. खरं सांगायचं तर सुखावले. पण माझ्या बोटांची टोकं पांढरी पडलीत आणि चिमटा काढला तरी कळत नाही. सारखं पाण्यात काम, त्यामुळे असेल.

९ मार्च
नखाखाली पांढरा दोरा दिसला. जेली वाटली. ओढला तर आला, अजून आला, आणि कळ कोपरात उठली. सोडून दिला. तो परत आत गेला.

१० मार्च
काकूंना हात दाखवला. त्या घाबरल्या नाहीत, खूश झाल्या. म्हणाल्या, छान लागण झाली. ही बुरशी नुसत्या मातीत निजून राहते, जागायला तिला ऊब लागते. तुझ्यातून ती रोपांत उतरते. आधीची एक हंगाम पुरली, म्हणाल्या.
पुरली म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.
डॉक्टरकडे निघाले. काकूंनी अडवलंसुद्धा नाही. फाटकाशी पाय जड झाले आणि आपोआप वळले. ट्रेपाशी आल्यावरच बरं वाटलं. मला फार भीती वाटते आहे.

१४ मार्च
धाकटीला कळवायला हवं, येऊ नकोस. फोनची काच माझं बोट ओळखत नाही. कितीदा दाबलं — काकूंना म्हटलं, लावून द्या. म्हणाल्या, मी कालच कळवलंय, ताई आजारी आहे, लवकर ये.

१५ मार्च
जीभ जड. सारखी झोप. काकू म्हणतात, घाबरू नकोस, हंगाम संपला की रोपंही जमिनीखाली निजतात.
ती येता कामा नये. ती —

१७ मार्च
आली. दारातच रडली. मला आवाज फुटेना, नुसती घरघर.
लिहून दाखवलं — शिवू नकोस. काकूंनी तिला आधीच सांगून ठेवलंय, तापात काहीबाही लिहिते.
काकूंनी तिच्यापुढे मोजे धरले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, ताईला काय मोजे घालून शिवायचं.
उजवा हात धरून बसली आहे. गार पडलाय म्हणते. चोळते आहे. डाव्याने लिहिते — सोड, धाकटे, हात सोड —
वाचलं तिने. सोडायला बघते. हसते, म्हणते ताई, केवढं घट्ट धरलंयस —
मी नाही धरलेलं. माझी बोटं —