पडद्याखालची अक्षरं

४ फेब्रुवारी

पाववालीने आज पुन्हा तोंड फिरवलं. एवढा उंच मुलगा, हॉटेलांच्या मालकाचा एकुलता एक, भर रस्त्यात गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करतोय, आणि ही बाई दुकानाच्या काचेवरचं पीठ पुसतेय. मी म्हटलं, "अगं घाल की बोटात. बोट झिजणार आहे का?"

नात म्हणाली, "आजी, ती तुझं ऐकणार नाही. ती कोरियात आहे."

कोरियात असली म्हणून काय झालं? बावळटपणा कुठल्याही भाषेत कळतो.

तर ही वही फोनात आहे. माइकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. तो लिहितो, तारीखही तोच घालतो. नातीने शिकवलं. म्हणाली, "मालिकांवर दिवसभर बोलतेस, निदान साठव तरी." कुणी वाचलं तर? म्हणून तिने कुलूपही लावून दिलं, माझ्या अंगठ्याने उघडतं. ज्या अंगठ्याची कागदावर टेकवताना जन्मभर लाज वाटली, तो म्हातारपणी किल्ली झाला. आणि आत काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नाही. इतकी खासगी वही राजाकडेसुद्धा नसेल.

६ फेब्रुवारी

आमची रीत अशी. नात कामावरून आली की चहा, मग माझ्या पलंगावर लॅपटॉप. ते लोक त्यांच्या भाषेत बोलतात, खाली पांढरी इंग्रजी अक्षरं येतात, नात ती वाचते आणि आपल्या भाषेत सांगते. पाववालीचा आवाज वेगळा, तिच्या होणाऱ्या सासूचा वेगळा. सासूला ती नाकातून बोलायला लावते. मूळ बाईसुद्धा इतकं चांगलं नाकातून बोलत नसेल.

नात दात करते. डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर ती आधी मेणाचे दात बसवते, मग पक्के. माझी कवळी तिच्याच हातची. पुढचा एक दात जरा तिरका ठेवलाय. मी म्हटलं, हे काय, माल खराब आला? तर म्हणते, "तुझा तसाच होता, आजी. सरळ केला तर हसताना तू दुसरीच कुणी दिसशील."

त्या मालिकांतलं मला काय पटत नाही ते सांगते. मनगट धरल्याशिवाय तिथे कुणाला बोलताच येत नाही. पाऊस आला की छत्री एकच. आणि डॉक्टर सोडून सगळ्यांना कळतं की पेशंटला काय झालंय. पण एक गोष्ट फार आवडते. तिथले पुरुष रडतात. तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून. आणि त्यांना कुणी हसत नाही.

९ फेब्रुवारी

नात उशिरा आली. साच्यांचा ढीग होता. भाग नाही.

१० फेब्रुवारी

सूनबाई बाहेरच्या खोलीत आपल्या चॅनलवरची बघते. तीच गोष्ट, पण आपल्यावाल्यांनी केलेली. परवानगी घेऊन केलीय म्हणतात. परवानगी देणाऱ्याने पुढचं बघितलेलं दिसत नाही.

पाववालीची केकवाली केली! पहाटे उठून भट्टी पेटवणारी पोर, तिच्या नखांना रंग. झोपेतून उठते तरी केसांना इस्त्री. तिथली सासू नुसता कप बशीवर ठेवते आणि आपल्याला सगळं कळतं. इथली सासू "नाही" म्हणते, मग तिचं तोंड डावीकडून, उजवीकडून, समोरून, आणि दर वेळी वीज कडाडते. केकवालीला एक जुळी बहीण पण दिलीय. कुठून आणली, विचारू नये. तिथे जे एका दुपारी संपलं, त्याला इथे दोन महिने लागलेत आणि अजून अंगठी डबीतच आहे.

सूनबाई म्हणाली, "अहो आई, तुम्हाला आवडत नाही तर बघता कशाला?"

न बघता नावं कशी ठेवणार?

१३ फेब्रुवारी

आज घरात मोठी गोष्ट झाली. माझा मुलगा शीतगोदामात आहे, मालाच्या आवकजावकीचं सगळं तोच बघतो. त्याच्या मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसायला सांगितलं. आणि नातीला मागणी घातली, आपल्या धाकट्यासाठी. मुलगा चांगला आहे, दुसऱ्या शहरातलं गोदाम सांभाळतो. मुलीने नोकरी करायची गरज नाही, घरात माणसं आहेत कामाला.

माझा मुलगा घरी आला तो बूटही न काढता सांगत सुटला. खूश होता. घाबरलाही होता. दोन्ही एकाच तोंडावर दिसत होतं.

नात "बरं" म्हणाली आणि कप विसळायला गेली.

मीही म्हटलं, बरं झालं.

१५ फेब्रुवारी

आजच्या भागात पाववाली त्या उंच मुलाचं नवं घर बघायला गेली. काय घर! नदी दिसते, शहर दिसतं. ही बाई स्वयंपाकघरात उभी. नातीने वाचलं, "'एवढं मोठं घर बघितलं माझ्यासाठी. माझी भट्टी कुठे ठेवायची, ते कुणीच विचारलं नाही.'"

मी म्हटलं, "अगं भट्टी काय, दहा घेऊन देईल तो. डोक्यावर पडलीय ही पोर."

"तिला विकत घेतलेली नकोय, आजी. तिला तिचीच हवीय."

"हे तिने म्हटलं?"

"हो. खाली आलंय."

"मग दुप्पट डोक्यावर पडलीय."

नातीने विचारलं, "तू तिच्या जागी असतीस तर?"

"मी? मी अंगठी घालून वर दोन बांगड्या मागितल्या असत्या."

मी पोटभर हसले. ती हसली की नाही, बघितलं नाही. माझे डोळे नदीकडे होते.

१८ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीत आज तोच प्रसंग आला. केकवाली नव्या घरात गेली, पायात पैंजण वाजले, तिने डोळे मोठे करून झुंबर बघितलं आणि लाजली. संपलं. भट्टीचं नावसुद्धा नाही!

मला राहवलं नाही. म्हटलं, "सूनबाई, हे बघ, असं वाटोळं करतात. मूळ मालिकेत ती विचारते, माझी भट्टी कुठे ठेवायची. मला ती पोर पटत नाही, पण तेवढ्या वाक्यासाठी ती ध्यानात राहते. तेच गाळलं. मीठच काढून टाकलं."

मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, त्या लिहिणाऱ्यांना पत्र पाठव."

"पाठवेन. तू लिहून दे."

नात ताट घेऊन उठली. "आजी, सोड ना. बदलतात ते लोक."

अर्धी पोळी तशीच होती ताटात.

२१ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल.

पाववाली बस थांब्यावर बसली होती. एकटी. मागे नेहमीचं दुःखाचं संगीत वाजत होतं. नात वाचत होती, "'बाबांना नाही म्हणता येत नाही. त्यांचं पोट त्या लोकांच्या हातात आहे. म्हणून मी गप्प बसलेय. पण त्या घरात गेल्यावर सकाळी उठून मी हातांचं काय करू, मला कळत नाही.'"

मला वाटलं, किती बोलते आज ही. म्हणून तोंडाकडे बघितलं. तोंड बंद होतं. ओठ हलत नव्हते.

मग खाली बघितलं. खाली काही नव्हतं.

मला अक्षर वाचता येत नाही. पण अक्षरं आहेत की नाहीत, हे कुणालाही दिसतं. खाली नुसता रस्ता होता आणि पाववालीचे बूट.

आणि पाववालीचा बाप तर पहिल्याच भागात गेला. तिचे बाबा कुठले?

मी नातीकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं. मी म्हटलं, "पुढे?" आणि बस आली, आणि पाववाली बसमध्ये चढली, आणि पुढचं तिने वाचलं.

२२ फेब्रुवारी

मी काय काय बोलले ते आठवत बसलेय. बावळट. दुप्पट डोक्यावर पडलेली. बोट झिजणार आहे का.

मला वाटत होतं मी कोरियाशी बोलतेय.

२४ फेब्रुवारी

मुलाशी बोलले. तो बुटांना पॉलिश करत होता. म्हटलं, "पोरीच्या मनात नाहीये."

"तिने सांगितलं तुला?"

आता काय सांगू? पाववालीने सांगितलं?

"मला दिसतं," म्हटलं.

"आई, तू तुझ्या मालिका बघ. ही मालिका नाहीये." मग ब्रश खाली ठेवला. आवाज खाली आला. "मालकांना जाऊन काय सांगू? तिला दात करायचेत म्हणून तुमचा मुलगा नको? उद्या मला दुसरं कोण ठेवून घेणार आहे, या वयात?"

त्याने बूट उचलला आणि पाठ करून भिंतीकडे तोंड करून घासत बसला. चकचकीत झालेला बूट. आमच्याकडचे असे रडतात.

सूनबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर म्हणाली, "मला कळत नाही असं नाही, आई. पण घर कशावर चालतं, तेही मला कळतं."

सगळ्यांना सगळं कळतं. या घरात न कळणारं कुणीच नाही, आणि तरी रविवारी मालकांकडचे पाहुणे येणार.

२५ फेब्रुवारी

नातीला सरळ विचारलं. "तुला हवंय का हे लग्न?"

"आजी, कवळी झोपताना पाण्यात ठेवतेस ना? वाळली की तडा जातो."

२६ फेब्रुवारी

आज मी आधीच ठरवून बसले होते. लॅपटॉप उघडल्याबरोबर पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "ही पाववाली शहाणी आहे. माझंच मत चुकलं तिच्याविषयी. तिच्या मनात असेल ते तिने बोलावं. मी ऐकतेय."

नात थांबली. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. मला वाटलं, आता.

मग तिने भाग सुरू केला. उंच मुलगा आला. तिने वाचलं, "'जेवलीस?' 'हो.' 'थंडी आहे.' 'हो, आहे.'"

मी तोंडांकडे बघत होते, खाली बघत होते. ओठ हलले की अक्षरं येत होती. अक्षरं गेली की ती गप्प होत होती. एक शब्द जास्त नाही. सासूलाही नाकातून बोलायला लावलं नाही.

मधे पाववाली कितीतरी वेळ भट्टीसमोर उभी होती, तोंड बंद करून. मी वाट बघत राहिले. म्हटलं, वाच गं. काहीतरी वाच.

"काही लिहिलेलं नाही, आजी."

दार मीच लावलं होतं. आता बाहेरून कितीही वाजवा.

२८ फेब्रुवारी

सूनबाईने पडदे धुतले. मुलगा मालकांच्या गाडीसाठी खाली जागा बघून आला.

१ मार्च

शेवटचा भाग बघितला. पाववालीने त्या उंच मुलाशीच लग्न केलं. भट्टीही मिळाली. सगळे हसत होते, बर्फ पडत होता. नातीने सगळं जसंच्या तसं वाचलं असणार.

मी विचारलं, "तुला पटला का शेवट?"

"त्यांचा आहे तो," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

बाहेर केकवालीच्या लग्नाची जाहिरात चालू होती. आठवडाभर चालणार आहे ते लग्न. तिथे निदान कुणीतरी धापा टाकत येईल आणि दारातून "थांबा" म्हणून ओरडेल. मी त्याच लोकांना नावं ठेवत होते. आज वाटलं, असा एखादा माणूस आमच्या जिन्यावरही असावा. पण आमच्या जिन्यावर दूधवाला सोडून कुणी येत नाही, आणि तोही घंटी वाजवून जातो.

मी काय करणार? मला कोण विचारतं? उद्या मला नवं पातळ नेसवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवतील, नमस्कारापुरती.

२ मार्च

मालक, मालकीणबाई आणि धाकटा वेळेवर आले. चहा झाला. मालकीणबाई चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांनी नातीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाळ, आम्ही काही जबरदस्ती करणारी माणसं नाही. तुझ्या तोंडून ऐकू दे. पसंत आहे ना?"

नात खाली बघत होती. तोंड बंद. माझा मुलगा तिच्याकडे बघत होता, सूनबाई फरशीकडे.

मग मी कोपऱ्यातून वाचलं. "'मला हे लग्न नको आहे. मला माझं काम सोडायचं नाही. बाबांचा यात काही दोष नाही, त्यांना काही म्हणू नका.'"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मालकीणबाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. "हे कोण बोलतंय?"

नातीने मान वर केली.

"मी," म्हणाली.