खुर्ची वाजली पाहिजे

बाबा, तुमच्या दुकानातल्या त्या कॅसेटवर एकच माणूस गिटार वाजवत होता, हे मी आता मान्य केलं आहे. लहानपणी करत नव्हते. मला वाटायचं, दोघं बसलेत. एक जाड तारांवर ठेका धरतो, दुसरा वरचं गाणं वाजवतो, आणि तुम्ही मला फसवताय. तुम्ही म्हणायचे, “एकच हाये तो. अंगठा त्याचा अलग चालते, बोटं अलग चालतात. तुही आई नाही का एका हातानं पोळी शेकत अन् दुसऱ्यानं तुले धपाटा देत?” दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे आई आतून लगेच म्हणायची, “तिले दोन्ही हात लागतात म्हणा.”

ती कॅसेट कारंज्याला दर्शनाला आलेल्या कुणा पाहुण्याची. त्याच्या गाडीतल्या टेपने ती गिळली होती. तुम्ही चिमट्याने फीत सोडवली, चुरगळलेला तुकडा कापून जोड दिला आणि त्याच्यासमोर वाजवून दाखवली. तो खूश झाला आणि जाताना म्हणाला, ठेवा तुमच्याकडे. आईला ते पटलं नव्हतं. “चांगली असती तं ठेवून गेला असता काय?” तिचा हा संशय माझ्यात उतरला असावा. लेबलवर बॉलपेनने इंग्रजीत जॅझ आणि गिटार एवढंच होतं, वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी पाचवीत होते. जॅझ म्हणजे काय ते तुम्ही मला विचारलं, मी शाळेत विचारलं, आणि कुणालाच सांगता आलं नाही. मग आपल्या घरात जॅझ म्हणजे तो एक माणूस, असं ठरून गेलं.

दुरुस्त झालेला प्रत्येक टेप तुम्ही त्याच कॅसेटवर तपासायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, काका, जरा भजन लावा, नाहीतर सिनेमाचं काही लावा. तुम्ही लावत नव्हते. “भरल्या गाण्यात मशीनची चोरी लपते. ढोलकी हाये, कोरस हाये, कुठं काय कमी पडलं समजत नाही. एकट्या माणसाले लपाले जागाच नसते.” तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तो थांबतो. त्याची खुर्ची कुरकुरते. मग शेवटची ओळ सावकाश येते आणि एक सूर लांबवर टिकून राहतो. तुम्ही डोळे मिटून बसलेले असता. खुर्ची ऐकू आली म्हणजे फीत वाचणारं हेड साफ. शेवटचा सूर थरथरला नाही म्हणजे मोटर ठीक. मग सूर आपल्या मशीनसारखा लागेपर्यंत मोटरच्या बारीक भोकातला वेगाचा स्क्रू केसाएवढा फिरवायचा आणि तो हलू नये म्हणून आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. “खुर्ची वाजली पाहिजे,” असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचे आणि ते बिचारं स्टूल तपासायचं.

मी आता वाशीमला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे हे तुम्हाला माहीत नाही. रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनमध्ये एक नमुना घालतो. त्याचं उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असतं. मशीनने तेच उत्तर दिलं तरच पुढचं काम. हे शिकवताना सगळे वहीत उतरवत होते आणि मी तुमच्या कॅसेटचा विचार करत होते. तो नमुनाच बिघडलेला असेल तर काय, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. पडला नाही.

पेटी शिकवणारे सर आठवतात ना. मी नववीत असताना त्यांनी आपला टेप तुमच्याकडे दुरुस्तीला दिला होता. त्यांच्या गुरूंच्या आवाजाची एक कॅसेट त्यांच्याजवळ होती. तुम्ही दुरुस्त केल्यापासून तो आवाज पेटीशी जुळत नाही, खाली उतरतो, असं ते सांगायला आले. तुम्ही आपल्या मशीनवर गिटार लावली आणि मला माझी पेटी आणायला सांगितली. शेवटचा सूर आला. मी काळी तीन दाबली, तर गिटार तिच्यापेक्षा वर. पांढरी पाच दाबली, तर गिटार तिच्यापेक्षा खाली. सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकला होता. सर म्हणाले, “पाहा. मशीन हळू चालून राह्यली तुमची.” तुम्ही म्हणाले, “मशीन बरोबर हाये गुरुजी. पेट्याच खोट्या हायेत तुमच्या. तिची बी तुमीच जुळवली ना?” सर टेप काखेत घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये, सगळ्या मुलींसमोर, त्यांनी मला सूर धरायला सांगितला आणि मी म्हणाले, “बाबा म्हणतात पेटी खोटी आहे.” मी फार बोलणारी मुलगी नव्हते. त्या एका दिवशी बोलले. सरांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, “मंग घरीच शिक.” मी पुन्हा गेले नाही. मला पेटी तुमच्या दुकानापेक्षाही जास्त आवडत होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

दोनेक वर्षांपासून मी फोनवर असली एकट्या गिटारची रेकॉर्डिंग ऐकते. दुपारी डबा खाताना, एका कानात. सोबतची मुलगी विचारते, “ताई, यात गाणं कधी सुरू होणार?” ते का आवडतं, याचाच मला संशय येतो. आपल्या गाण्यात सूर फिरून घरी येतो, इथे येईल येईल म्हणता शेजारच्या घरी जाऊन बसतो. तारेवर बोट घासल्याचा आवाज येतो, मधेच त्याचा श्वास ऐकू येतो. आपल्याला कुणी ऐकत आहे हे त्याला माहीत नसावं, असं वाटतं. मग वाटतं, समोर माइक ठेवून बसलाय, माहीत नाही कसं? असा एकटेपणा कुणी मुद्दाम वाजवत असेल का? संशय घेत घेत मी रोज ऐकते.

एका दुपारी न सांगता तुमच्या कॅसेटवरचं तेच तिसरं गाणं लागलं. मी आधी ओळखलं नाही. नेहमीपेक्षा जरा घाईत होतं, चढं होतं. मग खुर्ची वाजली. माझा घास हातातच राहिला. पहिला संशय अर्थातच फोनवर. कुणीतरी वेग वाढवून टाकलं असेल म्हणून मी आणखी तीन ठिकाणी तेच शोधलं. सगळीकडे सारखंच. घरी येऊन पेटी काढली, धूळ पुसली आणि पांढरी पाच दाबून धरली. शेवटचा सूर तिच्यावर असा येऊन बसला की दोन्ही वेगळे ऐकू येईनात.

पुढच्या रविवारी एसटीने कारंज्याला गेले. सरांना आता जरा मोठ्याने सांगावं लागतं. दार उघडून म्हणाले, “कोण?” मी म्हणाले, “सर, पेटी खरी होती.” त्यांनी चष्मा लावून मला पाहिलं. मग म्हणाले, “एवढं सांगाले इतके वर्स लागले काय पोरी? तुह्या बापाले तं एकच वर्स लागलं होतं.” मी बसले. ते सांगू लागले. एका दुपारी तुम्ही त्यांच्याकडे गेलात. म्हणालात, पांढरी पाच दाबा. त्यांनी दाबली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, टेप मागितलात आणि संध्याकाळी परत आणून दिलात. “माफी नाही, काही नाही. पण माह्या गुरुजींचा आवाज बरोबर आला होता. मी म्हटलं, आता पोरीले पाठवा. तं म्हणे, पाहतो.”

म्हाताऱ्या माणसांना गोष्टी गोड करून सांगायची सवय असते, म्हणून मी त्यांचंही खरं धरलं नाही. तो टेप अजून त्यांच्या कपाटावर आहे, बंद. मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. “बापावर गेली,” ते म्हणाले. मागचं झाकण काढलं. मोटरच्या भोकावर लाल ठिपका फोडलेला होता आणि त्यावर दुसरा, गुलाबी. नववीच्या निकालाला मावशीने मला आणलेली नेलपॉलिशची गुलाबी बाटली हरवली होती आणि मी चुलत बहिणीशी महिनाभर अबोला धरला होता, ते तुम्ही रोज बघत होता.

तिथून आईकडे गेले आणि ट्रंकेतलं तुमचं मशीन काढलं. आई म्हणाली, “काय शोधून राह्यली?” मी म्हणाले, “बाबांची चूक.” “एकच सापडली काय?” तुमच्या मशीनवर फक्त जुना लाल ठिपका होता, कुणी न छेडलेला. म्हणजे सरांचं तुम्ही नीट केलंत आणि स्वतःचं तसंच ठेवलंत. त्यानंतर बाकीच्यांची मशीनं कोणत्या सुरावर लावलीत, हे विचारायला आता कुणी नाही. पण मला त्याचं फारसं काही नाही. मला वाईट वाटतं ते तुमच्या “पाहतो”चं. माझ्यासमोर चुकीचं ठरण्यापेक्षा माझा क्लास सुटलेला तुम्हाला चालला, असंच मी महिनाभर धरून चालले होते. अजूनही बरंचसं तसंच वाटतं.

मी परत सरांकडे जाते आहे, दर रविवारी. बोटं वळत नाहीत, ते रागावतात. हे पत्र त्यांना वाचायला द्यावं असं मनात आलं होतं, पण मग त्यांनी पुढचंही वाचलं असतं. फोनवर गाण्याचा वेग कमी करता येतो. पेटी समोर ठेवून मी तो थोडा थोडा उतरवत गेले, शेवटचा सूर काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे अडकेपर्यंत. खुर्ची वाजली, जरा जड, कुणी थकलेला माणूस उठल्यासारखी. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी स्वतः तक्रार लिहिली असती. सरांकडे मी पांढरी पाच बरोबर धरते, आणि परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून ते चुकीचंच ऐकते.